आपत्ती असल्यास लिहून द्यावी

बाई,

काल तुझी तेरवी झाली आणि पंगतीत लोक हसले. वच्छलाबाई कढी वाढता वाढता तुझी ती गोष्ट सांगत होती. सांगताना तिलाच इतकं हसू आलं की बादली कलंडली आणि कढी भाऊजींच्या पानातून थेट त्यांच्या धोतरावर गेली. कोणी तरी म्हातारं माणूस कुरकुरलं, "तेरवीले असं खिदळतेत काय?" तर भाऊजी धोतर झटकत म्हणाले, "हासू द्या जी. तिचीच तेरवी हाय." मग तेही हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

वच्छलाबाई गोष्ट चुकीची सांगते. तिच्या गोष्टीत तू संत्र्याचं अख्खं झाड मुळासकट गाडीत घालून आणतेस आणि शेठजी खुर्चीवरून खाली पडतात. तसं काही झालं नव्हतं. शिवाय तिच्या गोष्टीत मी नसतोच. तिनं मला गाळलं ते माझी लाज राखायला, हे मला कळतं. पण तुझा धाकटा भाऊ त्या खोलीत होता, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला. तू जिंकलीस ती माझ्यावरही जिंकलीस. म्हणून ती गोष्ट आज मी सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक. आणि मधे बोलू नकोस.

सौंसरच्या काही व्यापाऱ्यांनी आणि आम्हा तीन-चार शिक्षकांनी मिळून तो निधी उभा केला होता. हायर सेकंडरी पास होऊन कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना पहिल्या वर्षाची फी, पुस्तकं आणि बसचा पास. फक्त पहिल्याच वर्षाचं. अध्यक्ष असलेल्या शेठजींचं म्हणणं असं, की सरकारी छात्रवृत्ती हातात पडेपर्यंत वर्ष उलटून जातं आणि तोवर पोरगं घरी बसलेलं असतं. पहिलं वर्ष कोणी निभावून दिलं की पुढची ते आपलं आपण निभावतं. शेठजी संत्र्याचे व्यापारी होते, त्यामुळे मालाची पारख पहिल्या तोडीलाच होते असं ते मानत. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटत होतं, आजही पटतं.

तुझी कुंदा त्या वर्षी पहिल्या श्रेणीत पास झाली. तिला पांढुर्ण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायचं होतं. इकडे तिच्या काकांनी मुलताईकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा बापाच्या किराणा दुकानात बसायचा. कॉलेजचं जमलं तर स्थळ थांबणार होतं, नाही जमलं तर दिवाळीनंतर लग्न. भाऊजी काहीच बोलत नव्हते, आणि भाऊजी बोलत नाहीत तेव्हा घरात काकांचं चालतं.

समितीत तिचा अर्ज निघाला. वाचणाऱ्यानं वाचलं, "पिता कृषक, संतरे का बगीचा."

शेठजी म्हणाले, "बगीचेवाले को काहे की तकलीफ? आगे पढ़ो."

पुढचा अर्ज निघाला. पाण्याचा घोट घ्यायला लागतो तेवढ्या वेळात कुंदाचं कॉलेज संपलं.

त्या बगीच्यात मी आदल्या दिवाळीला उभा राहिलो होतो, बाई. डिंक्या रोगानं बुंध्यांतून डिंक ओघळत होता. पानं पिवळी पडून गळून गेली होती. भाऊजी एकेक झाड तोडून सरपण रचत होते आणि तू त्यांना पाणी नेऊन देत होतीस. कागदावर बगीचा होता, शेतात खुंट होते. एक वाक्य पुरलं असतं. 'झाडं वाळली आहेत, मी स्वतः पाहिली आहेत.' मी ते बोललो नाही. बहिणीचं प्रकरण आहे, भावानं तोंड उघडू नये, उद्या लोक म्हणतील मास्तरानं भाचीला चिकटवलं. मी खाली पाहून पेनाचं टोपण काढत आणि लावत बसलो. आणि हेही सांगतो, त्या दिवशी घरी जाताना मला मी फार मोठा माणूस वाटत होतो. माझी मान ताठ होती.

निवडलेल्या मुलांच्या यादीखाली सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. आपल्या भागात सगळी लिखापढी हिंदीत चालते आणि माझं हिंदी शुद्ध, म्हणून ती नेहमी माझ्याकडेच. मी लिहिलं, 'उपरोक्त सूची पर जिस किसी को आपत्ति हो, वह आगामी बाजार के दिन समिति के समक्ष लिखित में प्रस्तुत करे.' हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे काय, ते आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मी जन्मभर मराठी शिकवत आलो, आणि हे वाक्य लिहिताना माझ्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही. एक कागद शाळेच्या भिंतीवर लागला, एक तुमच्या गावात पंचायतीच्या भिंतीवर.

मग तू माझ्या घरी आलीस. मला वाटलं भांडायला आलीस, म्हणून मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

"बापू, यादीत कुंदाचं नाव नाही."

"नाही."

"त्याच्या खाली लिवलं हाय, आपत्ती असन तं लिहून द्या. आपत्ती म्हंजे आपत्तीच न रे?"

"हो हो."

"कोणाची बी चालते?"

"कोणाचीही."

तू चहासुद्धा न घेता उठलीस. भांडण टळलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही शाळेच्या एका वर्गात बसलो. हरकत घ्यायला सहसा कोणी येत नसे. चहा प्यायचा आणि उठायचं, असा तो कार्यक्रम. त्या दिवशी दारापुढे दोन बैलगाड्या थांबल्या आणि त्यांतून तुमचं अर्धं गाव उतरलं. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. प्रत्येकाच्या हातात कागद, आणि सगळ्या कागदांवर कुंदाचं अक्षर.

पहिली आली वच्छलाबाई. तिच्या मुलाचा अर्ज बापाची सही नाही म्हणून बाजूला पडला होता. "बाप नागपूरले गेला तो वापस आलाच नाही जी. सही कोणाची आणू? लिवलं हाय सगळं, वाचा." तिच्यामागच्या बाईच्या कपाशीच्या गंजीला आग लागली होती. तिसरीची सासू वारली होती आणि चौथीची वारत नव्हती. मग एक म्हातारा पुढे आला.

"आपका लड़का कौन से कॉलेज में है?" शेठजींनी विचारलं.

"मले पोरगाच नाही जी. हेच तं आपत्ती हाय."

शेठजी माझ्याकडे वळले. "मास्टर, ये सब क्या है? इनको आपत्ति आखिर किस पर है?"

तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. मी उठून त्यांच्या कानाशी लागलो आणि एका शब्दानं काय केलं ते सांगितलं. ते सांगत असतानाच तू पुढे झालीस. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, काखेत फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. तू टेबलावर माझ्या कागदांवरच ते सोडलंस. वाळलेल्या फांद्या होत्या, सालीवर डिंक खड्यांसारखा कडक झालेला.

"हा घ्या माहा बगीचा," तू म्हणालीस. "तुमच्या कागदावर हाय न, तोच. सगळा नाही आणला, बैलायले भारी झाला असता."

"बहनजी, आपत्ति का मतलब वो नहीं है," शेठजी समजावू लागले. "मतलब एतराज. विरोध."

"म्हंजे भांडण?"

"हाँ, वैसा ही समझो."

"आमच्याकडं तं आपत्ती म्हंजे आपत्ती. कागद तुमचा अन् भिंत आमच्या गावची, मंग मतलब कोणाचा धराचा? पण तुमी म्हणता तं भांडते बी. एवढ्या दूरून आलीच हावो."

सगळा वर्ग हसला. दारातल्या बायका हसल्या, कडेवरची पोरं हसली, शेवटी शेठजीही हसले. पण हसता हसता त्यांचा हात एका फांदीवर गेला होता. त्यांनी नखानं डिंकाचा खडा फोडला, वास घेतला, आणि त्यांचं हसू थांबलं. संत्र्याच्या व्यापाऱ्याला आणखी काय सांगावं लागतं?

"कितने पेड़ गए?"

"सगळेच."

"ये बात पहले किसी ने क्यों नहीं बताई?"

समितीत ती गोष्ट ठाऊक असलेला एकच माणूस होता. तू त्या माणसाकडे पाहिलं नाहीस. तू खिडकीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "सांगन कोण? पाहाले कोणी आलंच नाही."

तू खोटं बोललीस, बाई. माझ्यासाठी. जो तुझ्यासाठी एक खरं वाक्य बोलला नाही, त्याच्यासाठी तू अख्ख्या समितीपुढे, गावापुढे खोटं बोललीस, आणि वर जणू चूक तुझीच अशा सुरात. वच्छलाबाईनं मला गोष्टीतून काल गाळलं. तू मला त्याच दिवशी, माझ्यादेखत गाळलंस. आणि मी तेव्हाही गप्पच राहिलो.

शेठजींनी खुर्ची मागे सरकवली. "आज सबकी आपत्ति सुनेंगे," ते म्हणाले. त्यांनी खरंच ऐकल्या. बाजार उठेपर्यंत आम्ही तिथं होतो. शेजारच्या दुकानांतून आणखी दोन व्यापाऱ्यांना बोलावणं गेलं, त्यांनी निधीत भर घातली. यादी नव्यानं लिहिली गेली आणि ती माझ्याच हातानं लिहिली गेली. त्यात कुंदा होती. वच्छलाबाईचा मुलगा होता, बापाच्या सहीशिवाय. कपाशी जळालेल्या घरची पोरगी होती. पोरगा नसलेल्या म्हाताऱ्याला शेठजींनी जिलबी खाऊ घातली आणि तो म्हणाला, "आता थोडी कमी झाली जी आपत्ती."

मी दारात उभा राहून तुमच्या गाड्या जाताना पाहिल्या. बायका गात होत्या. नंतर कळलं, की तुम्ही वाट वाकडी करून जामसांवलीला गेलात, हनुमानापुढे नारळ फोडलात आणि मगच गावात शिरलात. बैलांच्या शिंगांना फुगे बांधले होते म्हणे. काका ओट्यावर बसले होते, ते उठून आत गेले. मुलताईच्या स्थळाला निरोप गेला, तोही काकांच्याच हातून पाठवलास. हे मात्र वच्छलाबाई बरोबर सांगते.

पुढच्या वर्षी सूचना लिहायला मी पेन उचललं, तर शेठजींनी शब्द स्वतः सांगितले. 'एतराज हो तो लिखें. आपत्ति हो तो आकर बताएँ.' अजूनही ती तशीच लागते.

आणि कुंदानं पहिलं वर्ष निभावलं. निभावलं कसलं, गाजवलं. प्रयोगशाळेत तिच्या ओढणीवर ॲसिडचा थेंब पडून भोक पडलं, तर तू ती ओढणी गावभर दाखवत फिरलीस. कोणी म्हणालं, उंदरानं कुरतडली असेल. "उंदीर तुह्या घरी," तू म्हणालीस. "हे ॲसिड हाय. साधं नाही." निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन आलो, आणि तू मला दारातच विचारलंस, "हे पेढे कोणाचे? मामाचे का समितीचे?" मी म्हणालो, मामाचे. "मंग ये आत."

दोन भांडणं आपली अर्धीच राहिली. पहिलं तू कधी संपूच दिलं नाहीस. तुला त्या शब्दाचा हिंदी अर्थ ठाऊक होता की नव्हता? वाटणीच्या केसपायी तू भाऊजींबरोबर तहसीलीत किती चकरा मारल्यास. तिथं बाबू दर पेशीच्या तारखेला पुकारतो, किसी को आपत्ति है? ते तुझ्या कानावर पडलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. मी दर राखीला विचारायचो आणि तू दर राखीला तेच उत्तर द्यायचीस. "मले काय विचारतं? तूच तं हो म्हटलं." मग ओवाळणी घ्यायचीस आणि गालातल्या गालात हसायचीस. आता तू सांगणार नाहीस, आणि मला वाटतं, बरंच आहे. ठाऊक नसताना केलंस तर देवानं तुझ्या बाजूनं कौल दिला. ठाऊक असून केलंस तर तुला देवाची गरजच नव्हती. मला दोन्ही आवडतं.

दुसरं भांडण माझ्या अपराधाचं. मी तुझ्याजवळ माफी मागायला आलो की तू मला काही तरी काम सांगायचीस. एकदा मी फारच रडवेला झालो तर म्हणालीस, "माफी मांगून राहिला का गाऱ्हाणं सांगून राहिला? ते जात्यावरचं पीठ भरून आन." मी पीठ भरून आणलं. तेव्हा तू चुलीकडे तोंड करून बोललीस, "नातं हाय म्हणून माणसाचे डोळे फुटतेत काय रे? नातं हाय म्हणूनच तं तुले दिसलं. त्या शेठले कुठून दिसन? पुढच्या वेळेस बोलशीन?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हंजे नाही."

आणि खरंच, नाहीच. त्यानंतरही नात्यातला अर्ज आला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर जात असे. लोक त्याला सचोटी म्हणत. तू हयात असताना मला ते जमलं नाही, याचं दुःख मला तू गेल्याच्या दुःखापेक्षा वेगळं काढता येत नाही. ते एकातच मिसळून गेलं आहे.

पण या पंधरवड्यात काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते तुला मीच सांगायचं आहे.

तू गेलीस त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. सुतकात जाऊ नये, असं घरात सगळे म्हणाले. मी गेलो. वर्गात बसलो, कोणाला शिवायला नको म्हणून एका कडेला. यादी वाचली गेली आणि सगळ्यात वर नाव होतं आपल्या दिनेशचं. त्यानं अर्ज केलाच नव्हता. शेठजींनी आपल्या मनानं ते लिहवून घेतलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. "बहनजी का बेटा है," ते म्हणाले. "इसमें पूछना क्या."

नेहमीसारखं पाणी प्यायला उठायचं, एवढंच काम होतं. मी उठलो. आणि उठल्यावर दाराकडे गेलो नाही.

"तो माझा भाचा आहे," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की बाहेर झाडू मारणारा थांबला. "माझा भाचा आहे म्हणून त्याच्या घरचं मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुंदा पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवते, तिचा पगार घरात येतो. नवी कलमं यंदा पहिल्यांदा बहरली आहेत. तीही मी पाहिली आहेत, एकेका झाडापाशी उभा राहून. त्यांना गरज नाही. ज्याचं नाव यादीत खाली राहिलं आहे त्याला द्या."

शेठजींनी यादी खाली ठेवली. "मास्टर," ते म्हणाले, "तुम बोलते भी हो?"

तू काय म्हणशील ते मला ऐकू येतं आहे. 'बोलला, तेबी पोराच्या तोंडचं काढून घ्याले!' म्हण. पण मी बोललो, बाई. नात्यातलं पाहिलेलं, खरं, सगळ्यांपुढे. आणि जे बोललो ते बोलता यावं असं घर तू उभं केलंस. आपल्या दोन्ही पिढ्यांत, देऊ केलेली मदत नको म्हणणारं पहिलं घर.

दिनेश मात्र चिडला. "मामा, जलमभर तोंड बंद ठेवलं, अन् उघडलं तं माह्याच वेळेस?"

"तुही फी मी भरून राहिली न?" कुंदा म्हणाली. "मंग तुले कायचा राग?"

"सायकल आली असती न."

"सायकलले पहिलं वर्ष पास हो. मंग पाहू."

"पाहू म्हंजे नाही," तो म्हणाला. मी आणि कुंदानं एकमेकांकडे पाहिलं. ते त्यानं तुझ्याकडून उचललं आहे, हे त्याला ठाऊकसुद्धा नाही.

आज त्याचा कॉलेजचा पहिला दिवस होता. मुंडण केलेल्या डोक्यावर भाऊजींची टोपी, नवा पांढरा शर्ट, आणि माझ्याशी अबोला. पांढुर्ण्याची बस आली. कुंदा आधी चढली, वह्यांचा गठ्ठा सांभाळत, आणि तिनं त्याच्यासाठी खिडकीची जागा धरली. तो बसला. त्यानं मान वळवली नाही. कंडक्टरनं घंटी मारली. आपल्या घरची दोन माणसं एकाच बसनं निघाली होती, एक शिकायला, एक शिकवायला, आणि त्यांच्यासाठी कोणापुढे हात जोडून कोणी उभं नव्हतं. मी होतो, तो नुसता हात हलवत होतो. बस दिसेनाशी झाली तरी हलवत होतो.